खालचा बाण, चार वेळा

औलूमध्ये नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
विद्यापीठाच्या तळघराला त्याचं सोयरसुतक नाही,
तिथे आठ संगणक बारा महिने एकाच उजेडात.
कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे.
रात्री दोनला मी त्यांची पाटी पुसतो.
सकाळी ते कुणालाही ओळखत नाहीत.

पासवर्डखाली, कोपऱ्यात, एक दातेरी चाक.
दाबलं की अकरा नावं.
जशी आठवतात तशी सांगतो:
ग्नोम. ग्नोमच, पण एक्सऑर्गवरचं. ग्नोम क्लासिक.
प्लाझ्मा दोनदा, सख्खे भाऊ, आडनावं वेगळी.
ओपनबॉक्स.
एक असं, ज्याचं पॅकेज मी चार वर्षांपूर्वी काढलं
आणि नाव तेवढं राहून गेलं,
दारावर पाटी, आत भाडेकरू नाही.
उरलेल्यांतला फरक मलाही धड सांगता येत नाही
आणि ती मीच बसवलेली आहेत.

मंगळवारी पाच नंबरच्या पडद्यावर पिवळी चिठ्ठी:
"माफ करा. माझ्या हातून बिघडलं.
हिल्ला, पहिलं वर्ष."

काहीही बिघडलं नव्हतं.
तिने ओपनबॉक्स निवडलं होतं.
उघडी पेटी म्हटल्यावर कुणालाही वाटेल
आत काहीतरी असेल.
आत नुसता करडा रंग.
घड्याळ नाही, पट्टी नाही,
बाहेर पडायची वाट उजव्या क्लिकमागे.
त्या करड्यासमोर ती चाळीस मिनिटं बसली होती
कोट अंगावरच ठेवून,
आणि शेजारच्याला विचारलं नाही.
चाळीस मिनिटांचं मला काही नाही.
न विचारण्याचं बोचलं.

बुधवारी मी अकरा फायली उघडल्या.
एकेक जेमतेम सहा ओळींची:
म्हणायचं काय, चालवायचं काय.
एवढ्याशा चिठोऱ्याला माणूस अडखळतो.
तरी पुसायला हात होईना.
कुणी वापरत असेल तर?
हा प्रश्न माळ्यावरच्या प्रत्येक डब्याबद्दल विचारता येतो,
म्हणून माळे भरतात.

मग वर्षभराचे लॉग काढले.
एकाच्या नावावर हजारो.
नऊ जणांच्या नावावर शून्य, शून्य, तीन,
तिन्ही चुकून, मिनिटाभरात माघारी,
पुन्हा शून्य.
आणि एफव्हीडब्ल्यूएम, उच्चारताना जीभ लचकते असं,
त्याच्या नावावर एकशे एकोणनव्वद.
सगळे एकाच बाईंचे.

रायली कोक्कोनिएमी. दलदलीचं वय मोजतात,
स्वतःचं सांगत नाहीत.
मी विचारलं, तुम्ही यादीतलं कोणतं निवडता?
म्हणाल्या, वाचतंय कोण?
खालचा बाण, चार वेळा, एंटर.
तुझ्या आधीच्या माणसाने एकदा पाच करून ठेवले होते.
बर्फ वितळेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

नऊ फायली मी पुसल्या नाहीत, हलवल्या.
नव्या फोल्डरचं नाव: माळा.
उरलेल्या दोघांना नावं ठेवायला मात्र
अख्खा गुरुवार गेला.
पहिलं, नेहमीचा डेस्कटॉप.
दुसरं, करडा आणि रिकामा, माहीत असेल तरच.
हे इतकं साधं होतं की
खात्यात कुणाला दाखवायची लाज वाटली.

पण चार वेळा?
शुक्रवारी सगळे गेल्यावर मी एकटा
तळघरात बाण दाबत बसलो.
शेवटच्या ओळीवर तो थांबतो.
वर वळत नाही, कुरकुरत नाही.
पुन्हा दाबा, पुन्हा दाबा, तिथेच.
मी करड्याला शेवटी ठेवलं.

सोमवार. हिल्ला तीन नंबरवर,
चाकाकडे तिने पाहिलंही नाही.
रायलीबाई सातवर. टोपी काढली, चष्मा पुसला.
मी प्रिंटरशी, पाठमोरा.

टक.
टक, टक, टक.
एंटर.

पहिला बाण जागेवर पोहोचला होता.
पुढचे तीन कुठेच गेले नाहीत.
करडा उघडला, थर्मासचं झाकण फिरलं,
दलदलीचे आकडे खाली सरकू लागले.

थोड्या वेळाने, मान न वळवता:
"त्या प्रिंटरमध्ये कागद आहे रे.
मघापासून भरतोयस."